जोडून आलेल्या सुट्टीची वसुली

डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं की पूर्वी माणसं त्यात संकष्ट्या, एकादश्या आणि लग्नाचे मुहूर्त बघायची. आता आधी बघतात ते लाल आकडे कुठल्या वारी पडलेत ते. रविवारी आलेली सुट्टी नोकरदाराच्या लेखी बुडीत खात्यात जाते. या बाबतीत २०२५ साल फार निष्ठुर निघालं. २६ जानेवारी थेट रविवारी आली आणि २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. राष्ट्र आणि धर्म, दोघांच्या नावावर मिळून एकच दिवस! २०२६ने मात्र भरपाई केली. २६ जानेवारी सोमवारी, १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही शुक्रवारी. १ मेला महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकत्र आल्याने एक सुट्टी गेली खरी, पण ती शुक्रवारी गेल्यामुळे मोठ्या मनाने सोडून द्यायची.

जोडून आलेली सुट्टी घरी घालवायची नसते. नंतर ऑफिसात कुणीतरी "मग, कुठे?" असं विचारणारच, आणि "घरीच होतो" हे उत्तर म्हणजे आजारपण किंवा पैशांची ओढाताण यांपैकी एकाची कबुली धरली जाते. त्यामुळे वर्ष उलटायच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडतं. निळं पाणी, केशरी तंबू, मागे डोंगर, पुढे गिटार घेतलेला तरुण आणि काठावर पद्मासनात पाठमोरी बसलेली एक बाई. त्या बाईला पुढून अजून कुणी पाहिलेलं नाही, पण मुंबई-पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक कॅम्पच्या पोस्टरवर तीच बसलेली असते. खाली यादी असते. लेकसाइड टेंट, बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, सनराइज योगा, फोर्ट ट्रेक, अनलिमिटेड जेवण. ठिकाण पवना.

मावळातलं पवना धरण बांधलं ते पाण्यासाठी आणि पिंपरी-चिंचवड आजही तेच पाणी पितं. पण सुट्टी जोडून आली की पाण्यापेक्षा काठाला भाव येतो. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चार किल्ल्यांनी एके काळी या खोऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. आता शनिवारी संध्याकाळी त्यांनी खाली पाहिलं तर गच्चीवर वाळवण घालावं तसे ओळीने मांडलेले तंबू दिसतात.

दर माणशी दीड हजाराच्या आसपास. पाच वर्षांखालची मुलं फुकट, दहापर्यंत निम्मा दर, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचताच पहिलीतली पोरं पुन्हा बालवाडीत जातात. "पाचवं चालू आहे हो, पुरं कुठं झालंय," हे वाक्य एसटीचं अर्धं तिकीट वाचवताना आजीने घडवलं, तिच्याकडून ते आईकडे आलं आणि आता ते आयटीतल्या लेकीच्या तोंडी तितक्याच सफाईने येतं. मुलगा मध्येच "मी सहा वर्षांचा आहे" असं ओरडतो. त्याला चिमटा बसतो. निसर्गाच्या सान्निध्यातला त्याचा हा पहिला अनुभव.

एकदा पैसे भरले की मराठी माणसाची सुट्टी संपते आणि वसुली सुरू होते. पोस्टरवर सहा गोष्टी लिहिल्या असतील तर सहाच्या सहा झाल्या पाहिजेत. त्यातली एक राहिली तर दीड हजार भागिले सहा, म्हणजे अडीचशे रुपये पाण्यात, आणि ते पाणीही धरणाचं.

वसुलीचा पहिला अडथळा एक्स्प्रेस-वे. "सहा म्हणजे सहा" असं रात्री ग्रुपवर ठणकावून सांगणारा अ‍ॅडमिन सव्वासातला स्वतःची गाडी पुसताना सापडतो. गर्दीपासून लांब जायचं म्हणून निघालेली सगळी गर्दी मग खालापूरच्या टोलनाक्यापाशी एकमेकांना भेटते. पुढे बोरघाट. या घाटात १८६३ साली आगगाडी चढली आणि आजही तिला मागून जादा इंजिनं जोडून वर ढकलतात. मोटारींना मागून ढकलायला फक्त हॉर्न असतो. दोन तास क्लच दाबून डाव्या पोटरीत गोळा येतो. हा पॅकेजमधला पहिला व्यायाम, आणि पोस्टरवर नसूनही मिळालेला. शेजारच्या गाडीच्या टपावर बांधलेली योगाची मॅट बघून काकू म्हणतात, "हेही तिकडंच चाललेत वाटतं." घाटात त्या क्षणी जो उभा आहे तो प्रत्येक जण तिकडंच चाललेला असतो.

दुपारी लोहगड. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्यांतला एक. तेव्हापासून गडाच्या पायऱ्या आपल्याच आहेत असं वाटणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पायऱ्यांची उंची मात्र पूर्वीइतकीच आहे.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक इतिहासकाका असतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा, या चारही ठिकाणी ते थांबतात, हात वर करतात आणि सगळ्यांना गोळा करून इतिहास सांगतात. चारही दरवाजांचा इतिहास लांबीने अगदी सारखा भरतो, कारण काकांची धाप ओसरेपर्यंत तो चालतो. त्यांच्यामागून येतात घड्याळकाका. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं यंत्र असतं आणि दहा हजार पावलं झाल्याखेरीज त्यांना पाण्याचा घोट गोड लागत नाही. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीने सांगितलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि तेव्हापासून जगभरचे काका ती भरत आहेत. माथ्यावर पोचून आकडा नऊ हजार चारशे दिसला, तर घड्याळकाका शिवकालीन बुरुजाच्या साक्षीने जागच्या जागी कदमताल करतात.

चढणारे उतरणाऱ्यांना विचारतात, "वर काय आहे?"

"काही नाही. वारा आहे."

हे ऐकून निम्मे लोक तिथूनच परततात. वारा घरच्या गॅलरीतही असतो, तो पॅकेजमध्ये वेगळा लिहिलेला नाही. जे वर जातात ते गडाच्या विंचूकाटा माचीच्या टोकाकडे रांगेत उभे राहून, दोन्ही हात पसरून, एकांतात असल्याचा फोटो काढतात. एकांताची ही रांग अर्धा तास हलत नाही. खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी. चुलीपुढे बसलेल्या मावशींना काकू विचारतात, "मावशी, पिठलं अनलिमिटेड आहे ना?" मावशी पळीभर पिठलं वाढून म्हणतात, "खा की. तुमी किती खाणार?" या प्रश्नाला अनलिमिटेड पॅकेजवाल्यांकडे उत्तर नसतं.

संध्याकाळी कॅम्प. तंबूत शिरताना गुडघ्यांनी पहिली हरकत नोंदवलेली असते. बाहेर कोळसे फुलतात. बार्बेक्यू म्हणजे ज्यांना घरी पोळीसुद्धा उलटता येत नाही अशा पुरुषांनी चिमटा हातात घेऊन दोन तास गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं. त्यांतून पनीर आधी जळतं आणि मक्याचं कणीस शेवटपर्यंत कच्चं राहतं. मध्येच एक काकू अत्यंत शांत आवाजात विचारतात, "हा चिमटा पलीकडच्या शेगडीवरचा नाही ना?" ती शांतता ऐकून कोळसेसुद्धा क्षणभर विझतात. चिमटा पलीकडचाच असतो. काकू त्या रात्री केळी आणि घरून आणलेली चकली यांवर निभावून नेतात, वर "तुमचं चालू द्या" असंही म्हणतात.

आणि मग लाइव्ह म्युझिक. गिटार घेतलेला एक मुलगा, एक स्पीकर, आणि शब्द विसरू नयेत म्हणून पुढ्यात टॅब. मुलगा आठवडाभर कुठल्यातरी कंपनीत नोकरी करतो आणि शनिवारी इथे येतो, म्हणजे त्या काठावर सुट्टीच्या दिवशी कामाला असलेलं आणखी एक माणूस. त्याने पहिलं गाणं सुरू केलं की दुसऱ्या ओळीला फर्माईश येते. लोकांना गाणं ऐकायचं नसतं, सांगायचं असतं. एकाला किशोरकुमार हवा, एकाला लता, पोरांना काल रात्री आलेलं काहीतरी, आणि मागून "मराठी! मराठी काहीतरी!" असा अस्मितेचा आवाज. मुलगा मराठी सुरू करतो, तेव्हा अस्मितेला फक्त ध्रुवपद येत असतं.

या श्रोत्यांत एक आत्या असतात. त्या गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंत पोचल्या, मग लग्न झालं आणि विशारद राहून गेलं. त्याचा वचपा त्या पुढे समोर येणाऱ्या प्रत्येक गायकावर काढतात. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव ऐकून आल्यामुळे त्यांचा कान जरा जास्तच तयार असतो. "सूर लागतोय, पण ठहराव नाही," असं त्या प्रत्येक गाण्यानंतर म्हणतात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेल्या त्या महोत्सवात लोक सतरंजी आणि डबा घेऊन पहाटेपर्यंत बसायचे, हे त्या मुलाला त्या सविस्तर सांगतात. मुलगा नम्रपणे गिटार धरून ऐकतो. शेवटी पावणेदहाला आत्या फर्मावतात, "चला, आता भैरवी होऊन जाऊ दे."

मुलगा टॅबवर शोधतो आणि विचारतो, "कुठल्या पिक्चरमधली, मॅडम?"

आत्या त्या वाक्यातून अजून सावरलेल्या नाहीत.

खरी मैफल मात्र पाण्यावर असते. प्रत्येक कॅम्पचा आपला स्पीकर, आपली गिटार आणि आपलं लाइव्ह. डावीकडून सूफी, उजवीकडून कोळीगीत, समोरच्या काठावरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. धरणाच्या मधोमध होडी नेऊन उभी केली तर भारतीय संगीताचा आजवरचा सगळा इतिहास एकाच वेळी कानांवर पडेल. हे सगळं थांबवण्याची ताकद एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पहाटेपर्यंत चालणारी सवाईची मैफल ज्या घड्याळापुढे नमली त्यापुढे डीजेलाही नमावं लागतं, निदान कायद्यात तसं लिहिलं आहे. स्पीकर बंद झाला की शांतता पसरेल असं कुणाला वाटेल. पण सगळे एका सुरात म्हणतात, "अजून दहाच तर वाजलेत," आणि अंताक्षरी सुरू होते. अंताक्षरीला ध्वनिक्षेपक लागत नाही. तिथे मामा असतात.

बारानंतर थंडी वाढते आणि तंबूच्या कापडाची खरी जाडी समजते. शेजारच्या तंबूतलं घोरणं आपल्याच उशीवर येतं. रात्रभर कुठली ना कुठली चेन सर्र्‌कन उघडते आणि मोबाइलचा उजेड सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे सरकत जातो. आकाशात मुंबईत कधी न दिसणारे तारे लखलखत असतात. ते बघायला कुणी थांबत नाही, कारण तिकडे रांग असते.

साडेसहाला सनराइज योगा. जानेवारीत मावळात सूर्यसुद्धा सातनंतर उगवतो, त्यामुळे ही वेळ पोस्टर करणाऱ्याच्या डोक्यातून आलेली असणार. तरीही अडीचशे रुपयांसाठी माणसं शाली, कानटोप्या आणि एकाच पायातला मोजा अशा वेशात काठावर गोळा होतात. शिकवायला शहरातून एक शिक्षिका आलेल्या असतात. त्यांचा स्पीकर ब्लूटूथला जोडला जात नाही आणि पाण्याच्या लाटांच्या आवाजाशिवाय त्या योग सुरू करायला तयार नसतात. चार पावलांवर धरण असतं.

तोवर ग्रुपमधले एक आजोबा बाजूला जाऊन बारा सूर्यनमस्कार घालून मोकळे होतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गावोगावी, शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचं वेड लावलं, त्याच पठडीतल्या मास्तरांच्या हाताखाली आजोबा वाढलेले. "आम्ही मातीवर घालायचो. मॅटबिट नव्हती," एवढं बोलून ते चहाची चौकशी करायला जातात. वर्गात नाव असूनही वर्ग सुरू व्हायच्या आधी अभ्यासक्रम पुरा केलेला हा एकमेव विद्यार्थी.

इथून जवळच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं. नौली आणि उड्डियान करताना शरीरात नेमकं काय घडतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रं लावून तपासलं, आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून छापलं. योग ही भोंदूगिरी नाही, मोजता येणारी गोष्ट आहे, हे जगाला त्यांनी दाखवलं. शंभर वर्षांनी ते पवनेच्या काठावर आले असते तर मोजण्याजोगी एकच गोष्ट त्यांना सापडली असती. रात्रीच्या बार्बेक्यूनंतर पश्चिमोत्तानासन करताना पोटात तयार होणारा दाब.

"ब्रीद इन… आणि ब्रीद आउट," शिक्षिका सांगतात. थंडीने प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत असल्यामुळे श्वास कोण चोरतंय ते आज लगेच कळतं. वृक्षासनात अर्धी बाग कोसळते. भुजंगासनात गेलेले एक मामा तिथेच थांबतात, त्यांना परत आणायला दोघे जातात. वज्रासन मात्र सगळ्यांना आवडतं, कारण जेवणानंतर चालणारं आसन म्हणून त्याची ख्याती आहे आणि रात्रीचं जेवण अजून चालूच असल्याची सगळ्यांची भावना असते. भ्रामरीच्या वेळी कॅम्पचा जनरेटर सुरू होतो आणि त्याच्याइतका दीर्घ ॐकार वर्गात कुणालाच साधत नाही.

सर्वांत शेवटी शवासन. "शरीर सैल सोडा. काहीही करायचं नाही. मनात काहीही आणायचं नाही." पडल्या पडल्या मनात चेक-आउटची अकराची वेळ येते. बोटिंगचे पैसे वेगळे का, हे येतं. गाडी सावलीत लावली होती का, घरचा गॅस बंद केला होता का, परतीला लोणावळ्यातून जायचं की कामशेतवरून, हे सगळं येतं. एकाला खरोखर झोप लागते आणि त्याचं घोरणं ऐकून उरलेल्यांना तो फार पुढे गेलेला साधक वाटतो. एवढ्यात मागून कॅम्पवाले भाऊ हाक देतात, "पोहे आलेऽऽ!"

इतक्या शवांना एकदम जीव फुटल्याचं दृश्य पुराणांतही सापडणार नाही. शिक्षिका "हळूच उजव्या कुशीवर वळा" म्हणेपर्यंत समोर नुसत्या मॅटी उरतात. घोरणारा साधक रांगेत पहिला असतो.

माझ्या मते या सगळ्या सहलीचं मर्म इथे आहे. पोस्टरवरच्या बाकी प्रत्येक गोष्टीचं काहीतरी हाती लागतं. ट्रेकची पावलं मोजता येतात, पनीरचे तुकडे मोजता येतात, गाण्याचा व्हिडिओ काढता येतो. शवासनात हाती काहीच लागत नाही. त्याचा फोटो काढला तर दुर्घटनेचा वाटतो. वसुलीच्या खात्यात ते दाखवता येत नाही म्हणून आपण ते अर्ध्यात सोडतो. आणि मग रविवारी रात्री घाटात उभ्या गाडीत म्हणतो, "जरा कुठे आराम म्हणून मिळत नाही."

म्हणून तर सुट्टी तीन दिवसांची लागते. दोन दिवस मजा करायला आणि तिसरा त्या मजेतून बरं व्हायला. यंदाच्या २६ जानेवारीला सोमवारी सकाळी सोसायटीच्या झेंडावंदनाला जी माणसं कंबरेवर हात ठेवून राष्ट्रगीताला उभी होती, ती सगळी आदल्या दिवशी योग करून आली होती. सावधान ही आज्ञा त्यांना विशेष लागू पडत होती.

निघताना कॅम्पवाल्या भाऊंना विचारलं, "भाऊ, तुम्ही सुट्टी कधी घेता?"

"आमचा रविवार मंगळवारी असतो, साहेब."

"मग कुठं जाता?"

"मंडळी आन् पोरं घेऊन पिंपरीच्या मॉलला. एसीत बसतो दोन तास. काय घेत नाही, काय करत नाही. लई निवांत वाटतं."

ज्या निवांतपणासाठी आपण दीड हजार भरून त्यांच्या दारी जातो, तो ते एका पैशाचीही खरेदी न करता आपल्या दारी येऊन घेतात. कारण त्यांना काही वसूल करायचं नसतं.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या शुक्रवारसाठी बुकिंग करणार असाल तर अवश्य करा. पाऊस सरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात, आणि तुम्ही नाही गेलात तर तुमच्या जागी दुसरं कुणी जाणारच आहे. रविवारी दुपारनंतर घाट धरू नका. पोराचं वय खरं सांगा, तो तसंही फोडणारच आहे. आणि शवासन सुरू असताना मागून हाक आली तर उठू नका. पोहे पॅकेजमध्येच आहेत.